आखूड पंखांचे १९ नमुने: बालाघाटातले नाकतोडे आणि रातकिडे ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाईकडच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बालाघाटाच्या डोंगरउतारांवरून नाकतोडे आणि रातकिडे मिळून ६३ नमुने गोळा केले. त्यांचे गट कसे पाडायचे आणि नावं कुठवर लावायची, हे तिला विचारायचं आहे. शिवाय त्यातल्या १९ नमुन्यांचे पंख आखूड आहेत. उंच डोंगरांवरच्या जातींचे पंख आखूड असतात असं तिनं वाचलं आहे, तर या १९ डोंगरी जाती धरायच्या का? सोबत फोटो आहेत, आणि ते चांगले आहेत. बाजू, पाठ, तोंड आणि पोट असे चार कोन बहुतेक कुणी पाठवत नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर चुकलं तर पुढचा सगळा तक्ता चुकेल. तुमच्या १९ पैकी १६ पिल्लं आहेत.

नाकतोड्याला कोष नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठ्यासारखंच दिसतं, फक्त त्याला पंख नसतात. पाच-सहा वेळा कात टाकत ते वाढतं आणि दर कातीला पंखांचे कोंब थोडे थोडे पुढे सरकतात. आपल्याकडं बहुतेक जातींची अंडी उन्हाळाभर जमिनीत पडून असतात आणि मृगाच्या पावसानंतर फुटतात. म्हणून पोळ्याच्या सुमारास डोंगरावर गेलात तर अर्धवट वाढलेली गर्दी भेटते, आणि तीच मंडळी दसऱ्याला पूर्ण पंखांनी उडताना दिसतात. तुम्ही गेलात पोळ्याच्या आसपास.

मग आखूड पंखांचा मोठा कीटक आणि पंख फुटणारं पिल्लू यांतला फरक ओळखायचा कसा? आकारावर जाऊ नका, फसाल. पिल्लू दीड इंचाचंही असतं. भिंग घ्या, दहापटीचं पुरतं, आणि पंखाच्या तुकड्यात वर काय आहे ते बघा. पूर्ण वाढलेल्या कीटकात पुढचा पंख वर असतो, अरुंद आणि चामड्यासारखा, आणि मागचा पातळ पंख त्याच्याखाली घडी घालून बसलेला असतो. पंख कितीही आखूड असले तरी हा क्रम बदलत नाही. मोठ्या पिल्लात मात्र उलटं असतं. शेवटच्या दोन अवस्थांत कोंब पाठीवर उलटे फिरतात आणि मागच्या पंखाचा त्रिकोणी कोंब पुढच्यावर चढून बसतो. त्यावर पंख्याच्या काड्यांसारख्या उभ्या रेषा दिसतात. तुमचा फोटो क्रमांक १२ मोठा करून बघा. त्रिकोण वर आहे, आणि खालून पुढच्या कोंबाची बारीक कड डोकावते आहे. ते पिल्लूच.

पिल्लांना जातीचं नाव देऊ नका. रंग बदलतात, मानेवरच्या ढालीचा आकार बदलतो आणि जननेंद्रियं तयार झालेली नसतात. वहीत ‘पिल्लू’ असं लिहून कुळापर्यंत थांबा. जिवंत असतील तर बरणीत माती आणि ज्या गवतावर सापडली तेच गवत घालून पाळा. दोन-तीन आठवड्यांत स्वतःच पंख दाखवतील.

उंचीबद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. हिमालयासारख्या पर्वतांत वरच्या कुरणांत आखूड पंखांच्या किंवा बिनपंखी जाती खरोखरच जास्त भेटतात. तिथला उन्हाळा तोकडा, वारा जोराचा, उडून जाण्यात तोटाच जास्त. पण तो हिशेब बालाघाटाला लावता येत नाही. आपला डोंगर म्हणजे बेसॉल्टच्या पायऱ्या, अर्ध्या-पाऊण तासात माथा येतो. एवढ्या चढात हवा बदलत नाही, बदलते ती ओल आणि मातीची जाडी. माथ्यावरच्या उघड्या खडकाळ माळावर जे भेटतं ते शंभर पावलं खाली घळईत भेटत नाही, आणि घळईतलं ज्वारीच्या धुऱ्यावर येत नाही. त्यामुळं उंचीचा रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी जागेचा रकाना जास्त मन लावून भरा: उघडा खडक, कुसळीचा उतार, घाणेरीची जाळी, ओढ्याकाठची ओली वाळू, सागाचा पालापाचोळा, शेताचा बांध. मी गेली पंचवीस वर्षं या डोंगरांत फिरतो आहे. जागा नीट लिहिलेली असेल तर निम्मी ओळख तिथंच होते.

आता गट पाडणं. पहिला कप्पा मिशांवरून. मिशा अंगापेक्षा आखूड, जरा जाड, मोजता येतील अशा पेरांच्या असल्या तर तो आखूड मिशांच्या उपगणातला: गवतातले नाकतोडे आणि टोळ. मिशा केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब असल्या तर लांब मिशांच्या उपगणातला: रातकिडे आणि पानासारखे हिरवे नाकतोडे. मिशा तुटलेल्या असतील, आणि नमुन्यांत त्या हमखास तुटतात, तर कान शोधा. आखूड मिशांच्या गटात कान पोटाच्या पहिल्या वळ्यावर, पंखाच्या बुडाशी असतो. लांब मिशांच्या गटात तो पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली असतो. पायावर कान ही गोष्ट पहिल्यांदा दाखवली की विद्यार्थी हसतात. मग भिंगातून ती चीर दिसते आणि गप्प होतात.

मादी असेल तर शेपटाकडंही बघा. नाकतोड्याच्या मादीला चार आखूड, वाकड्या नखांसारखे अवयव असतात, जमीन उकरायला. लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्याच्या मादीला चपटी तलवार असते आणि रातकिड्याच्या मादीला सुई. खेड्यात या तलवारीला नांगी समजून मारतात. ते अंडी घालायचं हत्यार आहे, ती डंख मारत नाही.

दोन ठिकाणी हे नियम घोटाळ्यात पाडतात. जमीन पोखरणारा, पुढचे पाय फावड्यासारखे असलेला तपकिरी कीटक भुईमुगाच्या शेतात नांगरताना निघतो. त्याच्या मिशा तशा आखूडच, मादीला सुईही दिसत नाही, पण तो रातकिड्यांच्या बाजूचाच आहे. उलट ओढ्याच्या ओल्या वाळूत उड्या मारणारे, पाऊण सेंटिमीटरचे, तसेच पोखरणारे काळे ठिपके दिसतात, ते मात्र आखूड मिशांच्या बाजूचे. दिसण्यावरून कप्पा ठरवायचा नाही तो यासाठी.

आखूड मिशांच्या ढिगात तुमच्याकडं तीन कुळं दिसतात.

सगळ्यात सोपं म्हणजे ओढ्याकाठचे बुटके. सेंटिमीटरभर लांबी, आणि मानेवरची ढाल मागं वाढत जाऊन पूर्ण पोटावर टोकदार शेपटासारखी पसरलेली. असं दुसऱ्या कुणाचं नसतं. कुळाचं नाव टेट्रिजिडी. जातीच्या भानगडीत सध्या पडू नका, हा गट अवघड आहे.

दुसरं कुळ पायर्गोमॉर्फिडी, म्हणजे शंकूसारख्या डोक्याचे. यांची खूण डोक्याच्या अगदी टोकावर असते. तिथं मधोमध एक बारीक खाच दिसते, जणू नखानं रेघ ओढावी तशी. रुईवर बसणारा पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा भडक नाकतोडा याच कुळातला, पोइकिलोसेरस पिक्टस. रुईच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो, पिल्लाला धरलं तर ते पिचकारी मारतं. त्यामुळं त्याला लपायची गरज नाही, भर उन्हात रुईवर मिरवतो. त्याचाच भाऊबंद क्रोटोगोनस अगदी उलट: चपटा, खडबडीत, ढेकळाच्या रंगाचा, आणि काळ्या रानात बसला की पाय पडेपर्यंत दिसत नाही. पेरणीनंतर कोवळी रोपं जमिनीलगत कुरतडलेली दिसली की मी आधी हाच शोधतो.

याच कुळातल्या ॲट्रॅक्टोमॉर्फा क्रेन्युलाटाची आणि ॲक्रिडाची गल्लत तुमच्याकडं झाली आहे, आणि ती सगळ्यांकडून होते. दोन्ही हिरवे, दोन्हींचं डोकं टोकदार. पण ॲक्रिडा तिसऱ्या कुळातला आहे, डोकं फारच लांब आणि तिरकं, मिशा चपट्या तलवारीसारख्या, मागचे पाय काडीसारखे लांब. ॲट्रॅक्टोमॉर्फाला डोळ्याच्या मागून ढालीच्या कडेपर्यंत फिकट दाण्यांची रांग असते, मोहरी ओळीनं चिकटवावी तशी. तुमचे २७ आणि ३० या रांगेवरून बदलून घ्या.

तिसरं कुळ ॲक्रिडिडी, सगळ्यात मोठं. इथं नमुना उलटा करा. पुढच्या दोन पायांच्या मधोमध, गळ्याखाली, खिळ्यासारखा उंचवटा आहे का? आपले विद्यार्थी पाठीचे वीस फोटो काढतात आणि गळ्याचा एकही नाही. तुम्ही पोटाचा फोटो काढलात, पण पाय मिटलेले आहेत. सुईनं पाय बाजूला करून पुन्हा काढा. खिळा असलेल्यांत ज्वारी-भातावरचे हायरोग्लायफस, ऑक्सिया आणि मोठे टोळ येतात. खिळा नसलेल्यांत ॲक्रिडा, आणि मुरमाड जमिनीवरचे रंगीत पंखांचे नाकतोडे येतात.

या रंगीत पंखांच्या मंडळींसाठी एकच विनंती आहे: मागचा पंख उघडा. बसलेला असताना प्रत्येक जण मातीच्या रंगाचा दिसतो, सगळी ओळख आत घडी घालून ठेवलेली असते. ॲक्रोटायलसच्या पंखाच्या बुडाशी गुलाबी-लाल छटा असते आणि पुढं काळसर पट्टा. ईडॅलियसचा पंख पिवळा, त्यालाही काळा पट्टा, आणि मानेच्या ढालीवर फिकट फुलीची खूण. ट्रायलोफिडिया ॲन्युलाटाची ढाल बाजूनं बघितली तर मधला कणा दोन ठिकाणी चिरलेला, करवतीचे दोन दात उभे राहावेत तसा. तुमच्या ४४ मध्ये ते दात अगदी स्पष्ट आहेत. त्या फोटोवर मी जातीपर्यंत जायला तयार आहे.

मोठ्या टोळांबद्दल एक सांगून ठेवतो. २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांची धाड अमरावती-नागपूरकडं उतरली, तेव्हा मला मराठवाड्यातल्या गावागावांतून फोटो यायला लागले. लोक घाबरले होते आणि ते साहजिकच होतं. पण आलेल्या बहुतेक फोटोंत सिरटॅकँथाक्रिस टॅटारिका होता. हा आपला नेहमीचा, एकेकटा राहणारा, पाठीवर मधोमध फिकट पट्टा आणि पंखांवर मोठे डाग असलेला. त्याच्या गळ्याखालचा खिळा मागं वाकलेला असतो, वाळवंटी टोळाचा जवळजवळ सरळ आणि बोथट. थव्यातला वाळवंटी टोळ आधी गुलाबी असतो, वयात आला की पिवळा होतो. गळा बघितला असता तर बऱ्याच सरपंचांची झोप वाचली असती.

आता लांब मिशांचा ढीग. इथं पाऊल मोजा. रातकिड्याच्या पावलाला तीन पेरं, पानासारख्या हिरव्या नाकतोड्याला चार. पंखांची घडीही बघा: रातकिड्यात बहुधा उजवा पंख डाव्यावर, हिरव्या नाकतोड्यात डावा उजव्यावर. नर हेच पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो.

दिव्याखाली सापडलेला काळा, पंखांच्या बुडाशी दोन पिवळसर ठिपके असलेला तो ग्रायलस बायमॅक्युलेटस. त्याच्याबद्दल शंका नको. पण क्रमांक ५ आणि ६ तुम्ही ‘डोंगरी बिनपंखी रातकिडा’ असे लिहिलेत, ते कुठं सापडले ते तुमच्याच वहीत आहे: मुक्कामाच्या खोलीत, मोरीजवळ. हा घरातला ग्रायलोडिस सिजिलॅटस. गव्हाळ अंग, त्यावर गडद पट्टे, नराचे पंख अर्ध्या पोटापर्यंत आणि मादीचे नावापुरते. मादी पळाली की झुरळाचं पिल्लू वाटतं. १९ पैकी १६ पिल्लं आणि दोन हे पाहुणे. उरला एक, त्याच्याकडं शेवटी येतो.

रातकिड्यांत मेलेल्या नमुन्यापेक्षा जिवंत आवाज जास्त बोलतो. दक्षिण भारतात मेकोपोडा या पानासारख्या मोठ्या नाकतोड्यांवर झालेल्या अभ्यासात, दिसायला अगदी सारख्या कीटकांत पाच वेगवेगळी गाणी निघाली. संशोधकांनी त्यातल्या एकाला ‘हेलिकॉप्टर’ आणि एकाला ‘ट्रेन’ म्हटलं, कारण आवाजच तसे आहेत. मादी आपल्या जातीचा नर आवाजावरूनच ओळखते, तेव्हा आपण पायाची लांबी मोजत बसण्याआधी कान द्यावा हे बरं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग चालेल, पण आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद करा. मोबाइल रातकिड्याला गोंगाट समजून पुसून टाकतो. फाइल एमपी-थ्रीऐवजी वेव्हमध्ये ठेवा. हिरव्या नाकतोड्यांच्या आवाजाचा बराच भाग माणसाच्या कानापलीकडचा असतो, तो मोबाइलमध्ये येणार नाही, हे गृहीत धरा. आणि तापमान लिहाच. रात्र उबदार असली की तोच किडा भरभर वाजतो, गार पडली की संथ. भाद्रपदातलं आणि मार्गशीर्षातलं रेकॉर्डिंग तापमानाशिवाय शेजारी ठेवलं तर एकाच जातीच्या दोन जाती होतील.

रात्री रानतुळशीच्या झुडपांत बॅटरी हळूच फिरवली तर फिकट हिरवा, काचेसारख्या पंखांचा झाडावरचा रातकिडा दिसेल, इकँथस. याच्या एका जातीचा, इकँथस हेन्रयीचा, नर कधी कधी पानाला मध्यभागी भोक पाडतो, त्यातून डोकं काढतो आणि पंख पानाला टेकवून वाजवतो. पान कर्ण्याचं काम करतं आणि आवाज वाढतो. आवाजानं लहान असलेले नर ही युक्ती जास्त करतात. म्हणून पानाला भोक दिसलं की लगेच अळीवर आळ घेऊ नका.

नमुने टिकवण्याबद्दल. माझ्या उमेदीच्या काळात म्हैसमाळच्या माथ्यावरून मी चाळीसेक हिरवे नाकतोडे आणले. कौतुकानं सगळे स्पिरिटच्या बाटल्यांत टाकले आणि चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिल्या. महिन्यानं बाटल्या उघडल्या तर सगळे वाळल्या कडब्याच्या रंगाचे झालेले, आणि चिठ्ठ्या कोऱ्या. कुठला कुठून आला ते आजवर कळलं नाही. त्या बाटल्या मी टाकल्या नाहीत. नव्या विद्यार्थ्याला आधी त्याच दाखवतो.

तेव्हा जिवंत असतानाच फोटो काढा, डोळ्यांचा रंगसुद्धा. मग टाचणी मानेच्या ढालीच्या उजव्या बाजूतून, मधला कणा सोडून, घाला. डावे पंख उघडून वाळवा. मोठ्या नाकतोड्याचं पोट खालून चिरून आतडं काढा आणि कापूस भरा, नाहीतर ते आतून कुजून काळं पडतं. पावसाळ्यात मराठवाड्यातही बुरशी धरते, डब्यात डांबरगोळी ठेवा. स्पिरिटमध्ये ठेवायचे ते ७० टक्क्यांत, आणि चिठ्ठी पेन्सिलनं. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, जागा, झाडाचं किंवा गवताचं नाव आणि पकडणाऱ्याचं नाव. ‘बालाघाट’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. बालाघाट बीडपासून नांदेडपर्यंत जातो.

परवानगीचं विसरू नका. पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य याच डोंगरात आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं एक किडासुद्धा वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलता येत नाही. हद्द सगळीकडं खांबांनी दाखवलेली नसते, आधी नकाशा बघा.

नावं कुठवर लावायची? पुरावा जिथं संपतो तिथवर. ॲक्रिडा हे नाव फोटोवरून बिनधास्त लिहा, पण त्यापुढचं जातीचं नाव पूर्ण वाढलेल्या नराचं जननेंद्रिय काढून बघितल्याशिवाय लिहू नका. ६३ नमुन्यांतले वीस जातीपर्यंत आणि बाकीचे वंश किंवा कुळापर्यंत पोचले तर मी त्याला चांगलं काम म्हणेन. ६३ च्या ६३ ला पूर्ण नावं लावलेला तक्ता बघितला की परीक्षक म्हणून माझी भुवई वर जाते. जुन्या ग्रंथांतली नावं बरीच बदलली आहेत. बिळात राहणारा मोठा तपकिरी रातकिडा पूर्वी ब्रॅकिट्रुपीस होता, आता टार्बिन्स्किएलस आहे. म्हणून जुन्या नावाची आजची स्थिती तपासूनच लिहा. शंकेचे नमुने पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आधी पत्र लिहून दाखवायला नेता येतात. नुसते फोटो नेऊ नका, टाचलेले नमुने न्या.

राहिला तो एकोणिसावा, क्रमांक ५८. ज्वारीच्या धुऱ्यावरचा, हिरवट-पिवळा, ढालीच्या बाजूला जाड काळ्या आडव्या रेघा. याच्या पंखाची कड मी फोटोत पुष्कळ मोठी करून बघितली. पुढचा पंख वर आहे, म्हणजे हा पूर्ण वाढलेला आणि खरोखर आखूड पंखांचा. माझ्या मते हायरोग्लायफस नायग्रोरिप्लेटस. उत्तरेकडं याला फडका म्हणतात, ज्वारी-बाजरीवरची जुनी कीड, आणि हिच्यात लांब आणि आखूड अशा दोन्ही पंखांचे कीटक एकाच रानात भेटतात. डोंगराशी त्याचा संबंध नाही. पण तुमच्याकडं ही एकच मादी आहे. घटस्थापनेनंतर त्याच धुऱ्यावर परत जा, ज्वारीच्या पोंग्यात सकाळी लवकर बघा, आणि दोन-तीन नर मिळाले तर गळ्याखालचा खिळा आणि शेपटाची टोकं दिसतील असे फोटो पाठवा.